शाळेनं घराकडून काय शिकावं?

(भूम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून विषयही शाळेचाच घेतला आहे. आपलं घर, आईबापाचं काम, घरातली बोली, आजी-आजोबांनी सोसलेलं आणि कमावलेलं, या सगळ्याचा अभिमान बाळगायला मूल कसं शिकतं, एवढाच हा विषय आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा अभिमान भाषणांनी येत नाही, मिरवणुकांनीही येत नाही. शाळा मुलाच्या घराकडून काहीतरी शिकायला तयार झाली की तो येऊ लागतो. हे आपल्या मराठवाड्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. घराला दाराबाहेर ठेवणारी शाळा आपल्या दोन पिढ्यांनी भोगलेली आहे.

सप्टेंबर महिन्यातल्या लागून येणाऱ्या तीन तारखा बघा. १५ सप्टेंबर हा ग्वाटेमाला, होंडुरास, निकाराग्वा, एल साल्वादोर आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन. १६ सप्टेंबर मेक्सिकोचा. आणि १७ सप्टेंबर आपला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पहिले सहा देश स्पॅनिश बोलणारे. या देशांतून अमेरिकेत गेलेली लाखो कुटुंबं आहेत. काही कुटुंबं तर कुठं गेलीच नाहीत, सरहद्द त्यांच्या घरांवरून पुढं सरकली. या लोकांच्या वारशाची आठवण म्हणून अमेरिकेत १५ सप्टेंबरपासून महिनाभर कार्यक्रम होतात. १९६८ साली त्याची सुरुवात एका आठवड्यानं झाली आणि १९८८ साली आठवड्याचा महिना झाला. शाळाशाळांतून मुलं आजीचे पदार्थ करतात, गाणी म्हणतात, आपल्या माणसांच्या गोष्टी सांगतात. दुरून पाहणाऱ्याला हा एक उत्सव वाटेल. पण त्याच्या मागं शाळेच्या दारात झालेल्या अपमानाचा मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या इतिहासाशी फार जवळचं नातं सांगतो.

आधी आपलं घर पाहू. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. राज्यात तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी माणसं बहुसंख्य. वरच्या शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उघडलं, तेही उर्दू माध्यमाचं. उर्दू ही मोठी भाषा आहे, तिची गोडी ज्याला लागली त्याला ती आयुष्यभर पुरते, तेव्हा दोष भाषेचा नव्हता. कुणब्याच्या घरातून आलेल्या पोराला शाळा जणू सांगत होती की तू ज्या भाषेत विचार करतोस तिचं इथं काम नाही, दोष त्या सांगण्याचा होता. ज्या मुसलमान घरांत दखनी बोलली जायची, तिथल्या पोरांनाही पुस्तकातली उर्दू परकीच वाटायची.

अशा काळात याच जिल्ह्यात, हिप्परग्याला, १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. पुढं स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला आले. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व ज्या माणसानं केलं, त्याच्या मराठवाड्यातल्या कामाचा पाया एका खेड्यातल्या शाळेत घातला गेला, हे आपल्या जिल्ह्यानं कधी विसरू नये. मुलाला त्याच्या भाषेत शिकवा, त्याच्या मातीबद्दल शिकवा, मग ते ताठ उभं राहील, हा त्या माणसांचा विश्वास होता. स्वातंत्र्याची मागणी आणि मातृभाषेतल्या शाळेची मागणी त्यांच्या लेखी वेगळी नव्हती.

त्याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं? कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. जुन्या इमारती, उतरलेली पुस्तकं, आणि पुढं शेतावर राबायचं हेच गृहीत धरून दिलेलं शिक्षण. १९४४ च्या सुमारास मेंडेझ कुटुंबाची मुलं आपल्या आत्याबरोबर वेस्टमिन्स्टरच्या शाळेत नाव घालायला गेली. आत्याची मुलं रंगानं उजळ, त्यांचं आडनाव विदौरी, त्यांना प्रवेश मिळाला. मेंडेझ आडनावाच्या सावळ्या मुलांना मात्र मेक्सिकन शाळेत जा म्हणून सांगितलं. एकाच घरची पोरं, एकाच दारात रंगावरून आणि आडनावावरून वेगळी केली गेली. ती बाई आपल्या मुलांनाही तिथं न घालता सगळ्यांना घेऊन परत आली. मुलांच्या वडिलांनी, गोन्झालो मेंडेझ यांनी, इतर कुटुंबांना बरोबर घेऊन खटला भरला. १९४६ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि १९४७ साली वरच्या न्यायालयानं तो कायम केला. काळ्या मुलांच्या शाळांबद्दलचा ब्राउन खटल्याचा प्रसिद्ध निकाल त्यानंतर सात वर्षांनी आला. गोन्झालो यांच्या ज्या मुलीला, सिल्व्हियाला, तेव्हा शाळेनं परत पाठवलं होतं, तिला म्हातारपणी राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

पण दार उघडलं म्हणून सगळं झालं नाही, आणि मला खरं बोलायचंय ते याच्यावर. मुलं वर्गात आली, बाकावर बसली, तरी टेक्साससारख्या भागात कितीतरी शाळांत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा होत होत्या. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या माणसांचं नाव नव्हतं. १९६८ च्या मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो मेक्सिकन मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्यांमध्ये एक ठळक मागणी होती, आम्हाला आमच्या लोकांचा इतिहास शिकवा. पोरांना शाळा हवी होती, म्हणूनच त्यांनी ती मागणी केली. शाळेत जायचं तर घर उंबऱ्याबाहेर सोडून जायचं, ही अट त्यांना नको होती.

मग काही शिक्षकांनी फार साधी गोष्ट केली. अॅरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ. तिथले अभ्यासक लुइस मोल, नॉर्मा गोन्झालेझ आणि त्यांच्याबरोबरच्या शाळाशिक्षिकांनी ठरवलं की कामगार वस्तीतल्या मेक्सिकन मुलांच्या घरी जायचं. तक्रार सांगायला जायचं नाही, पालकांना उपदेश करायलाही नाही. शिकायला जायचं. या घरांत कोणाला काय येतं, ते विचारून लिहून घ्यायचं. त्यांना काय सापडलं? शेती, गुरांची निगा, खाणकाम, गवंडीकाम, गाड्यांची दुरुस्ती, झाडपाल्याची औषधं, सरहद्दीपलीकडचा व्यापार. गरीब म्हणून ज्या घरांकडं पाहिलं जात होतं ती घरं ज्ञानानं भरलेली निघाली. १९९२ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं आणि जगभरच्या शिक्षकांनी ते वाचलं.

त्यातला एक प्रसंग भूमच्या लोकांना विशेष रुचेल. एका शिक्षिकेला घरभेटीत कळलं की तिच्या वर्गातला एक मुलगा मेक्सिकोहून आणलेली मिठाई शेजारपाजारी विकतो. तिनं ते कौतुकानं ऐकून सोडून दिलं नाही. तिनं वर्गात मिठाई हाच अभ्यासाचा विषय घेतला. एका मुलाची आई वर्गात आली आणि तिनं मिठाई करून दाखवली. त्या दिवशी शिक्षिका ती होती. मुलांनी घटक तपासले, हिशेब केले, पाकीट कसं असावं ते ठरवलं, विक्री केली. गणित तेच, विज्ञान तेच, फक्त ते त्या आईच्या हातातून वर्गात आलं.

मिठाईचं म्हटल्यावर आपल्याला कुंथलगिरी आठवणारच. आपल्याच तालुक्यातलं हे जैन सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथंच सल्लेखना घेतली. तिथला पेढा आणि आपल्या गावोगावच्या भट्ट्यांवरचा खवा आज दूरदूरच्या बाजारात जातो. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अडत्याला हे ठाऊक आहे, हलवायाला ठाऊक आहे, सरकारी कागदावरही ते आलं. आपल्या तालुक्यातल्या शाळेच्या फळ्यावर ते किती वेळा आलं?

खव्याची भट्टी म्हणजे चालती प्रयोगशाळा आहे. पाच-एक लिटर दूध कढईत ओतलं की किलोभर खवा हाती येतो. मग बाकीचं गेलं कुठं? पाचवीच्या मुलाला हा प्रश्न टाका, बाष्पीभवन त्याला जन्मात पाठ करावं लागणार नाही. म्हशीच्या दुधाचा खवा जास्त का पडतो, हे विचारलं की फॅट आणि डिग्री हे घरात रोज ऐकलेले शब्द विज्ञानाच्या तासाला येऊन बसतात. जाळ कधी मोठा ठेवायचा, कधी ओढायचा, उलथणं क्षणभर थांबलं तर काय होतं, खवा कढईची कड सोडू लागला हे कशावरून ओळखायचं, हे भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला कोणत्याही यंत्राशिवाय कळतं. कुंथलगिरीचा पेढा तपकिरी का, तर खवा जास्त वेळ भाजल्यावर दुधातली साखर आणि प्रथिनं यांची एकमेकांवर प्रक्रिया होऊन रंग आणि वास बदलतात म्हणून. हे रसायनशास्त्र आहे. आणि दुष्काळी टापूत, जिथं दूध नासण्याआधी बाजार गाठणं अवघड होतं, तिथं दूध आटवून टिकवण्याचा धंदा वाढला, हा अर्थशास्त्राचा धडा आहे. भट्टीवाल्या बापाला एक दिवस वर्गात उभं करा, तो हे सगळं सांगेल. आणि त्याचं पोर त्या दिवशी घरी जाताना वेगळ्या पावलांनी जाईल.

तीच गोष्ट शेळीची. आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी देशातल्या नावाजलेल्या जातींत गणली जाते. काळीभोर, काटक, कमी पाण्यात आणि उन्हात तग धरणारी, पुष्कळदा जुळी करडं देणारी. ही जात कोणत्याही विद्यापीठानं तयार केली नाही. बालाघाटच्या या माळरानावर शेळ्या राखणाऱ्या माणसांनी, बायकांनी, पोरांनी, पिढ्यान्‌पिढ्या चांगली निवडत निवडत ती घडवली. आणि तरी शेळ्या राखतो म्हणून एखाद्या पोराला वर्गात चिडवतात, आणि तो मान खाली घालतो. त्याच्या घराण्यानं काय घडवलं आहे, हे कोणीतरी त्याला सांगायला हवं. त्याहून बरं म्हणजे, त्यानं वर्गाला ते सांगायला हवं.

आता अवघड घरांकडं वळतो. शाळेच्या रजिस्टरमध्ये वडिलांचा व्यवसाय असा एक रकाना असतो. ज्याचे आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात, ते मूल त्या रकान्यासाठी हळूच म्हणतं, शेती. दोन एकर कोरडवाहू असते, म्हणजे खोटंही नसतं. पण ऊसतोड हा शब्द त्याच्या ओठांवर येत नाही. भूम, वाशी, कळंब आणि पलीकडं पाटोदा, आष्टी, या सगळ्या डोंगरपट्ट्यातून हजारो कुटुंबं दर हंगामाला जातात. मूल बरोबर गेलं तर शाळा बुडते, आणि ते कोप्यांवर, म्हणजे तिथल्या झोपड्यांवर, धाकट्या भावंडाला सांभाळत बसतं. मागं राहिलं तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. पश्चिम महाराष्ट्राची साखर ज्यांच्या हातांनी निघते, त्यांच्या पोरांना त्या हातांची लाज वाटावी, ही आपल्या सगळ्यांच्या लाजेची गोष्ट आहे.

या मुलाला अभिमान शिकवायचा म्हणजे त्याच्या आईच्या कष्टांचं गाणं गायचं का? नाही. तसलं गाणं त्याला फसवेल. त्याच्या घरातलं ज्ञान वर्गात आणायचं तर हिशेबही आणावा लागेल. आगाऊ घेतलेली उचल किती, टनाला भाव काय, किती टन तुटला, मुकादमानं कापून काय घेतलं, फिटलं किती आणि अंगावर राहिलं किती. सातवीतलं मूल हा हिशेब मांडू शकतं. आणि मांडला की दोन गोष्टी त्याला एकाच वेळी कळतात. एक, आपली आई पहाटेच्या काळोखात उठून मोळ्या बांधते, गाडी भरते आणि वर स्वयंपाकही करते, एवढं काम फार थोड्यांना जमेल. दुसरी, तिला त्याचा पुरता मोबदला मिळत नाही. घराचा अभिमान आणि घरावरच्या अन्यायाची जाण, दोन्ही एकत्र आल्याशिवाय मूल पुरतं उभं राहत नाही. कष्टाचा मान राखायचा म्हणून कष्टाची लूट झाकून ठेवू नये.

आणखी अवघड घरं आहेत, गावकुसाबाहेरची, पारधी वस्तीवरची. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मानंच माणसं गुन्हेगार ठरवली. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली, हजेरी लावली, पिढ्या त्या कुंपणात वाढल्या. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, या माणसांवरचा शिक्का मात्र ३१ ऑगस्ट १९५२ ला, पाच वर्षांनी उठला. कागदावरून उठला, नजरेतून उठला नाही. वर्गात वही हरवली तर अजूनही पहिली नजर कुणाकडं जाते, हे प्रत्येक शिक्षकानं स्वतःला विचारावं.

या घरांत भाषांची केवढी संपत्ती आहे ते पाहा. पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची. बंजाऱ्यांची गोरमाटी राजस्थानीच्या घराण्यातली. वडारांची बोली तेलुगूच्या नात्यातली. कैकाड्यांची तमिळच्या नात्यातली. मुसलमान घरांत दखनी. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या एखाद्या वर्गात दक्षिण आणि पश्चिम भारत एकत्र बसलेला असतो, आणि आपण म्हणतो, या पोराला धड मराठी येत नाही. सहा वर्षांचं पोर दोन भाषांत वावरतं याचं कौतुक करायचं सोडून आपण त्याला मंद ठरवतो. निजामाच्या काळात आपल्या आजोबांच्या मराठीला शाळेनं बाहेर ठेवलं, तेव्हा आपण लढलो. पुण्या-मुंबईची मुलं अमेरिकेत गेली, तिथल्या मराठी मंडळांनी रविवारच्या मराठी शाळा काढल्या, की आपण त्यांचं कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. मग तीच माया आपल्याच वेशीबाहेरच्या पोराच्या बोलीला का नको? आपल्या राज्यघटनेनं कलम ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यांवर जबाबदारी टाकली आहे. सगळी पुस्तकं त्या बोलीत येतील तेव्हा येतील. पहिलीच्या शिक्षकानं पाणी, भाकरी, आई, ये, बस एवढे शब्द त्या पोराच्या बोलीत शिकून घ्यायला कोणत्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागते?

हे घडू शकतं, कारण घडलेलं आहे. आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला, १९९३ पासून भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा उभी आहे. त्या कामामागं उभे असलेले गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या फासेपारधी समाजातल्या तरुण शिक्षकानं नोकरी सोडून २०१२ साली आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिलं प्रश्नचिन्ह. अकोला-वाशीम भागात तर फासेपारध्यांचं पाखरांबद्दलचं पिढीजात ज्ञान दुर्मीळ तणमोराच्या रक्षणाच्या कामी आलं. ज्या नजरेला आपण चोराची नजर म्हणायचो, तिनं गवतातलं घरटं शोधून दिलं. आणि लातूर ज्या काळी आपल्याच जिल्ह्यात होतं, त्या काळी तिथल्या धनेगावात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ लिहिलं आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या नावानं हिणवलं तेच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावायला केवढं धैर्य लागलं असेल.

आता एक आक्षेप, आणि तो खरा आहे. घराचा वारसा म्हणजे सगळाच वारसा जपायचा का? ज्या घरांवर पिढ्यान्‌पिढ्या मेलेलं ढोर ओढण्याचं, गावकीचं, मैल्याचं काम लादलं गेलं, त्यांनी त्याचाही अभिमान बाळगायचा का? नाही. तसं सांगणारा माणूस वारशाच्या नावाखाली जुनी बेडीच पुन्हा घालतो आहे. बाबासाहेबांनी सांगितलं, ही कामं सोडा, आणि माणसांनी उपासमार पत्करून ती सोडली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जी माणसं गेली, त्यात साधी, राबणारी, गावोगावची माणसं होती. एखाद्या पोराच्या पणजोबानं पोतराजाचा आसूड टाकला, पणजीनं शिळं अन्न मागायला जाणं बंद केलं, हाच त्या घराचा सर्वांत मोठा वारसा आहे. म्हणून मुलाला घरी जाऊन दोन प्रश्न विचारायला सांगा. आपल्या माणसांनी काय जपलं? आणि आपल्या माणसांनी काय सोडलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा पहिल्यापेक्षा जास्त अभिमानाचं निघेल.

दुसराही एक धोका आहे. जातीचा गर्व आज पोरांना फार सहज मिळतो. मोबाइलवर मिळतो, मिरवणुकीत मिळतो, गाडीच्या काचेवर चिकटवलेला मिळतो. त्यासाठी घरी कोणाला काही विचारावं लागत नाही, आजोबांचं आयुष्य माहीत असावं लागत नाही. त्या गर्वाला नेहमी कोणीतरी खालचा लागतो. मी म्हणतो तो अभिमान वेगळा कसा ओळखायचा? ज्या पोराला आपल्या आईच्या हाताची किंमत कळली, त्याला शेजारच्या बाकावरल्या पोराच्या आईच्या हाताचीही कळते. खव्याच्या भट्टीवरची शिकवण ऐकून झाल्यावर वर्ग जर वडाराच्या पोराच्या बापाकडून दगड कुठून फुटतो ते ऐकत असेल, आणि मग नालबंदाकडून बैलाच्या खुराबद्दल ऐकत असेल, तर त्या वर्गात कोणाचं डोकं दुसऱ्याच्या अपमानावर उंच होणार नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवता आलं पाहिजे, ही या अभिमानाची कसोटी.

आणि हे फक्त वेशीबाहेरच्या पोरांसाठी आहे असं समजू नका. आपली स्वतःची पोरं बारावी होऊन पुण्याला जातात. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात कोणीतरी हसतं, आणि ‘काय करायलाव?’ म्हणणारं पोर ‘काय करतोयस?’ म्हणायला लागतं. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण फोनवर आईशी बोलताना खोलीतली पोरं ऐकतील म्हणून तो बाहेर जाऊन बोलतो, ते मला बोचतं. याच जिल्ह्याच्या मातीतले कथाकार भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा शाळेच्या पुस्तकात आली, तेव्हा इथल्या मुलांना कळलं की आपल्या बाजारातली, आपल्या शेतकऱ्याची गोष्ट, आपल्या बोलीच्या वळणासकट छापून येऊ शकते आणि सगळा महाराष्ट्र ती वाचतो. छापील पानावर आपलं घर दिसणं ही मुलासाठी फार मोठी गोष्ट असते.

घरातल्या ज्ञानाचा विचार करताना बायका मागं राहू नयेत, हे मुद्दाम सांगतो. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एकही पुस्तक नावावर नसलेल्या बायकांनी हे भांडार रचलं. आपल्या गावातल्या ज्यांना अजून ओव्या येतात त्या आज्या सत्तर-ऐंशीच्या आहेत. त्यांच्या नातींनी त्या ऐकून वहीत उतरवल्या नाहीत, तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपण एक अख्खं ग्रंथालय गमावू.

तर मंडळी, करायचं काय? मी तीन गोष्टी मागतो. त्यातल्या एकीलाही अनुदान लागत नाही.

पहिली, शिक्षकांकडं. वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जा, आणि त्या भेटीत तक्रार करू नका, सूचना देऊ नका. एकच विचारा, तुमच्या घरात कोणाला काय येतं? उत्तर वहीत लिहून घ्या. तुमच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, हे मला माहीत आहे. पण या एका भेटीनं वर्ग हलका होतो, कारण ज्या घराचा मान शिक्षकानं ठेवला, त्या घरचं मूल वर्गात मन लावून बसतं.

दुसरी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांकडं. महिन्यातला एक तास पालकाचा ठेवा. त्या तासाला भट्टीवाला येऊ दे, मेंढपाळ येऊ दे, कोयत्यावरून परतलेली आई येऊ दे, दाई येऊ दे, पारधी वस्तीवरचा पाखरं ओळखणारा म्हातारा येऊ दे. त्याला किंवा तिला खुर्ची द्या, शिक्षकाला देता तोच नमस्कार करायला मुलांना सांगा, आणि त्या तासावर गणित, विज्ञान, भूगोलाचे प्रश्न काढा. शोभेचा कार्यक्रम केला तर पालक एकदाच येईल. अभ्यासाचा भाग केला तर तो पुन्हा येईल.

तिसरी मागणी भूमकरांकडं. मुलांनी लिहिलेल्या या वह्या शाळेच्या कपाटात वाळवीला देऊ नका. गावच्या वाचनालयात त्यांना एक कपाट द्या. दर वर्षी एक खण भरेल. दहा वर्षांनी आपल्या तालुक्याचा असा इतिहास तयार होईल, जो कोणत्याही गॅझेटिअरमध्ये नाही. माणकेश्वरच्या दगडी देवळाबद्दल अभ्यासक लिहितील. पण ज्यांनी दगड घडवला त्या घराण्यांची आठवण त्यांच्या पोरांनीच लिहायची आहे.

शेवटी आईबापांशी बोलतो, कारण सगळं शाळेवर टाकून भागणार नाही. आपल्यातले कितीतरी जण पोरांना सांगतात, शिक, नाहीतर माझ्यासारखं राबावं लागेल. हे आपण मायेनं सांगतो, काळजीनं सांगतो. पण पोर त्यातून एकच ऐकतं, की माझ्या बापासारखं होणं म्हणजे हरणं. तेच वाक्य थोडं बदलून सांगा. म्हणा, मला एवढं येतं, हे माझ्या बापानं मला दिलं. तू हे घे, आणि शाळेतलंही घे, आणि दोन्ही घेऊन माझ्या पुढं जा. आणि शाळेनं कधी बोलावलं तर अंगावरचे कपडे बघत मागं राहू नका, हातातलं काम सांगायला लाजू नका. तुमच्या पोराच्या वर्गात तुम्ही शिकवायला उभे राहा.